रंग लेखात नको, शैलीपानावर ठेवा

हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरावरील आपला विकीवरचा लेख वाचला. माहिती चांगली जमली आहे. विभागांची नावे आपण ठळक करून मोठ्या आकारात लिहिली आहेत, कन्नड नावांना गडद निळा रंग दिला आहे, आणि आता अनुक्रमणिका का येत नाही व मोबाइलच्या काळ्या पार्श्वभूमीवर ती नावे का दिसेनाशी होतात, असे विचारले आहे. दोन्हींचे कारण एकच आहे. मजकूर कसा दिसावा हे आपण सांगितले. तो काय आहे, हे सांगायचे राहून गेले.

विभागाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची चिन्हे दिली (== इतिहास ==), तरच मीडियाविकी (विकी ज्यावर चालते ती संगणकप्रणाली) त्याला मथळा मानते आणि त्यावरून अनुक्रमणिका तयार करते. एकेरी चिन्हाची पातळी पानाच्या शीर्षकाची असल्यामुळे ती लेखात वापरू नये. ओळीच्या आरंभी अर्धविराम दिल्यानेही अक्षरे ठळक होतात म्हणून अनेक जण ती पळवाट धरतात; परंतु ते चिन्ह संज्ञा आणि तिची व्याख्या यांच्या यादीसाठी आहे, मथळ्यासाठी नाही. विकीची चिन्हे तरी निर्दोष आहेत असे मी म्हणणार नाही, कारण ठळक अक्षरांची तीन चिन्हे (''') केवळ रूप सांगतात, हेतू सांगत नाहीत. तिरकी अक्षरे तर देवनागरीत टाळलेलीच बरी; आपल्या लिपीला ते वळण मुळातले नाही.

कन्नड नावांचा रंग काढून ती नावे भाषा दर्शविणाऱ्या साच्यात (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार नमुन्यात) ठेवावीत. मग त्यांचा टंक (फॉन्ट) शैलीपानावर, म्हणजे रूपाचे नियम लिहिलेल्या वेगळ्या पानावर, एकदाच ठरविता येतो, आणि पडदावाचकाला (पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला) ते नाव कन्नड आहे हे कळते. एकाच वाक्यात दोन लिप्या येणाऱ्या आपल्या सीमाभागातील लेखांना याची गरज अधिक आहे. रंग-आकारासाठी सीएसएसची (शैलीपान ज्या भाषेत लिहितात तिची) शिफारस डिसेंबर १९९६ मध्येच झाली आणि पुढच्याच वर्षी एचटीएमएल ४.० ने (वेबपानाची रचना सांगणाऱ्या भाषेच्या आवृत्तीने) मजकुरातच रंग-आकार देणारी फॉन्टची खूण टाळण्यास सांगितले. तरीही ती आपल्या लेखात अकरा ठिकाणी आहे.

रूपावर विसंबण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. बेळगावात एका मंडळाची स्मरणिका आम्ही युनिकोडपूर्व टंकात, म्हणजे रोमन अक्षरांनाच देवनागरी रूप देणाऱ्या टंकात, जुळविली होती. पुढे तो मजकूर संकेतस्थळावर चढविताना टंक सुटला आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक खच उरला. निम्मी स्मरणिका छापील प्रतीवरून पुन्हा टंकलिखित करावी लागली.

माहितीचौकटीचा (लेखातील ठळक माहितीच्या तक्त्याचा) तांबूस रंग ठेवायचाच असेल, तर तो साच्याच्या शैलीपानावर द्यावा. संपूर्ण विकीचे शैलीपान बदलण्याचा अधिकार मोजक्याच सदस्यांना असतो, परंतु येथे त्याची आवश्यकता नाही. आधी मथळे दुरुस्त करावेत. चौकटीच्या साच्याचे नाव कळविल्यास शैलीपान मी जोडून देईन.