तासगावची बाग गहाण टाकायच्या आधी एवढं वाच

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून मेकॅनिकल झालंय, स्पेस रोबोटिक्स आणि कंट्रोलमध्ये पीएचडी करून पुढं प्रोफेसर व्हायचंय, आणि अमेरिकेतल्या एमएससाठी (म्हणजे मास्टर्ससाठी) वडील तासगावची द्राक्षबाग गहाण टाकायला तयार झालेत, तर जाऊ का. मी सांगलीतल्या विश्रामबागचाच, पीएचडी अमेरिकेत केली, आता जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

बाग गहाण टाकू नको. पीएचडीला घरचे पैसे लागत नाहीत, अमेरिकेत बऱ्याच ग्रुपमध्ये फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, आणि जर्मनीत तर ती बहुतेक वेळा नोकरीच असते, युनिव्हर्सिटीत टीव्ही-एल १३ या तिथल्या सरकारी स्केलवर पगार, कधी पूर्ण कधी अर्धा-पाऊण. कर्ज होतं ते एमएसचं. मग गेटची प्रवेश परीक्षा देऊन आयआयएससी किंवा आयआयटीत एमटेक का नाही करत? महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, थोडेच आहेत पण कर्ज तर नाही, आणि जर्मनीत पीएचडीला साधारण मास्टर्स लागतेच. थेट मास्टर्सलाच जर्मनीत यायचं असेल तर बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, पण एपीएस सर्टिफिकेट (आपली डिग्री खरी असल्याची तपासणी) आधी काढावं लागतं आणि राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दर महिन्याला ठराविकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (हा आकडा २०२४ चा, भरताना पुन्हा बघ).

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. अमेरिकेत रॉकेटच्या आणि काही सॅटेलाइटच्या टेक्नॉलॉजीवर आयटार नावाचे निर्यातीचे नियम लागतात, ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशी माणसाला माहिती दाखवणं म्हणजे सुद्धा निर्यातच. माझ्या दुसऱ्या वर्षी लॅबला खऱ्या हार्डवेअरचा प्रोजेक्ट मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीला माझं कार्ड चालेना. प्रोफेसर चांगले होते, त्यांच्याही हातात काही नव्हतं, पण पुढची तीन वर्षं मी नुसतं सिम्युलेशन केलं आणि त्याचं दुःख अजून आहे. म्हणून ॲडमिशनच्या आधीच विचार, फॉरेन स्टुडंटला कुठल्या प्रोजेक्टवर काम करता येतं.

हार्डवेअर एवढं का महत्त्वाचं ते सांगतो. कृष्णेत होडीत उभं राहून घाटावरचा दोर ओढायला वाकलास तर पायाखालची होडी सरकते ना, अवकाशात तसंच होतं, सॅटेलाइटला लावलेला रोबोटचा हात हलला की सगळा सॅटेलाइट उलट्या दिशेनं फिरतो. आपल्या विषयाचा जीव त्यातच आहे. जपानच्या १९९७ च्या ईटीएस-७ सॅटेलाइटनं असा हात प्रत्यक्ष कक्षेत चालवून दाखवला. जमिनीवर हे तपासायला ग्रॅनाइटच्या सपाट टेबलावर हवेच्या पातळ थरावर रोबोट तरंगवतात, तिथं घर्षण जवळजवळ संपतं, आणि मग कागदावर सुंदर दिसणारा कंट्रोलर (रोबोटची हालचाल सांभाळणारा प्रोग्राम) थ्रस्टरच्या, म्हणजे ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, उशिरामुळं आणि सेन्सरच्या नॉइजमुळं कसा डगमगतो ते दिसतं. मी हे जर्मनीत आल्यावर पहिल्यांदा बघितलं, त्या आठवड्यात जेवढं शिकलो तेवढं आधीच्या दोन वर्षांत नव्हतो शिकलो. त्यामुळं युनिव्हर्सिटीच्या रँकिंगपेक्षा लॅबमध्ये असं टेबल आहे का ते बघ. म्युनिकजवळ ओबरफाफेनहोफेनला डीएलआरची (जर्मनीची अवकाश संशोधन संस्था) रोबोटिक्स इन्स्टिट्यूट, जपानात तोहोकू युनिव्हर्सिटी, कॅनडात टोरंटोची एरोस्पेस इन्स्टिट्यूट, इथले गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर वाच. आणि भारत मागं आहे असं समजू नको, इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेचं डॉकिंग, म्हणजे कक्षेत दोन सॅटेलाइट जोडणं, १६ जानेवारी २०२५ ला झालं, पुढं त्याच कामाला माणसं लागणार आहेत.

प्रोफेसर होण्याचं मात्र स्पष्ट सांगतो, जागा फार कमी आहेत. जर्मनीत युनिव्हर्सिटीतल्या पीएचडी-पोस्टडॉकसारख्या ठराविक मुदतीच्या करारांना पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी साधारण मर्यादा आहे, माझी दुसरी सहा चालू आहेत, घड्याळ डोक्यात वाजत असतं. आईच्या ऑपरेशनला सुद्धा मला वेळेत येता आलं नव्हतं, हेही हिशोबात धर.

गेटचा फॉर्म भर, आणि एमटेकला लागलास की प्रोफेसरला पाठवायचा पहिला ईमेल आधी मला दाखव. त्यात त्यांच्या एका पेपरमधला एक प्रश्न असू दे, मार्कांची यादी नको. रविवारी संध्याकाळी सातनंतर तुमच्या वेळेनं फोन कर, वडिलांनाही शेजारी बसव, त्यांच्याशी मी बोलतो.