सरांवर लिहिताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

स्मरणिकेसाठी सरांवर लिहिलेला तुझा मजकूर वाचला. मनापासून लिहिला आहेस, ते ओळीओळीत जाणवतं. पण पहिल्याच पानावर ज्ञानतपस्वी, ऋषितुल्य, स्वरसाधक, निष्काम कर्मयोगी हे सगळे शब्द येऊन गेले, आणि पान संपलं तरी आपले सर काही दिसले नाहीत. हे शब्द कुठल्याही चांगल्या शिक्षकाला चालतील. ज्यानं सरांना कधी पाहिलं नाही, त्याला ते वर्गात येऊन नेमकं काय करायचे हे कळायला हवं. शिक्षकाचं खरं काम वर्गात होतं आणि ते तिथे बसलेल्या पोरांच्या डोक्यातच राहतं. ती पोरं पांगली, म्हातारी झाली की तेही जातं. म्हणून विशेषणं बाजूला ठेव आणि सरांचे तास लिही.

तानपुऱ्याचा तास घे. तो तुमच्या तुकडीलाही मिळाला असणारच. विज्ञानाच्या तासाला सर तानपुरा घेऊन आले की वर्गाला वाटायचं, आज अभ्यास नाही. मग ते टेबलावर प्रयोगशाळेतली तारेची लाकडी पेटी ठेवायचे. आधी तिची तार बरोबर मध्यावर छेडायची आणि लगेच त्याच जागी हलकं बोट टेकवायचं. आवाज बंद. असं का, ते फळ्यावर यायचं: एकाच तारेतून एकाच वेळी अनेक स्वर निघतात, आणि त्यातल्या वरच्या सप्तकातल्या सा ला तारेच्या मध्यावर स्थिर, म्हणजे न हलणारा बिंदू लागतो. आपण तिथेच छेडलं, म्हणून तो सा उपजलाच नाही. आणि जे स्वर उपजले ते बोटानं दाबले गेले. मग तानपुरा. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून सर जवारी लावायचे, म्हणजे तार गुंजेल अशी करायचे, तार तशीच मध्यावर छेडायचे, तसंच मध्यावर बोट टेकवायचे. आणि वरचा सा वाजत राहायचा.

इथे सर काहीच बोलायचे नाहीत. शेवटच्या बाकावरचं कुणीतरी उठून यायचं, स्वतः करून बघायचं, दोरा काढून पुन्हा करायचं. दोरा काढला की सा गायब, घातला की हजर. अर्धा तास यातच जायचा. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून सरांना वरून बोलणी बसत, हे तुला ठाऊक असेल. तरी तो अर्धा तास त्यांनी कधी कमी केला नाही.

रामन यांचं नाव त्यानंतर यायचं, आधी नाही. हा क्रम तुझ्या लेखात चुकू देऊ नकोस, त्यात सरांचं सगळं शिकवणं आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१मध्ये, म्हणजे नोबेलच्या नऊ वर्षं आधी, तानपुरा आणि वीणेवर लिहिलं. त्यात नेमका हाच प्रयोग आहे. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, तिच्या पाठीला किंचित बाक असतो. थरथरणारी तार त्या पाठीवर टेकत-सुटत राहते, आणि साध्या तारेच्या नियमानं जे स्वर निघायला नकोत तेही त्यातून निघतात. मुलांनी आधी कानांनी पकडलेली गोष्ट एका मोठ्या शास्त्रज्ञालाही नवलाची वाटली होती, हे कळल्यावर वर्गातल्या चेहऱ्यांवर जे यायचं ते मी अनेकदा पाहिलं आहे. पुढे शाळेत प्रयोगशाळेची कामं करायला मी जात असे, म्हणून पाहता आलं.

तबल्याचा तास थोडक्यात लिहिलास तरी चालेल, पण आकडे दे, सर द्यायचे. साध्या गोल कातड्यातून मूळ स्वराबरोबर त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडमुठे स्वर निघतात, म्हणून डफाला सुरात लावता येत नाही. तबल्याच्या मधोमध शाईचे, म्हणजे त्या काळ्या लेपाचे, थर बसतात आणि हेच स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ओळीत येतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी हे १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. ज्या कारागिरांनी शाई शोधली त्यांना गणित कुणी शिकवलं होतं, असं सर विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे.

त्या प्रश्नासाठीच ते मुलांना मिरजेला न्यायचे. तूही लिहिण्याआधी एकदा जाऊन ये. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे अजून येतात. कारागीर घोडीची पाठ कानसेनं घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मोजमापाचं यंत्र नाही. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आधी सरच आठवले. आपल्या भागात अशी माणसं आधीही होऊन गेली आहेत, तेही एका वाक्यात आण. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, मोजल्या आणि १९१०मध्ये त्यावर पुस्तक काढलं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग. ह. रानडे यांनी १९३८मध्ये हिंदुस्थानी संगीताच्या भौतिकीवर लिहिलं. सर स्वतःला या लोकांचा विद्यार्थी म्हणवायचे.

आता एक अवघड गोष्ट. गाण्याच्या तासाला सर कठोर होते. प्रार्थनेच्या गटात ज्याचा सूर लागत नसे त्याला ते ओठ नुसते हलवायला सांगायचे. आमच्या वर्गातली एक मुलगी त्यानंतर कधीच गायली नाही. हार्मोनियमचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा किती चढा असतो, हे आम्हाला त्यांनीच दाखवलं: सा २४० हर्ट्झ धरला तर शुद्ध ग ३००, हार्मोनियमचा ३०२.४. हार्मोनियमच्या त्या जवळपास अडीच हर्ट्झबद्दल आम्ही तासभर बोलायचो, पण त्या मुलीला कुणी अर्धा तास दिला नाही. हे लेखात असू दे. ज्याचं त्यांच्यावर प्रेम आहे त्यानंच हे लिहावं, म्हणजे ते सूड न होता खरं होईल. शक्य झालं तर तिला भेट. तिलाही सरांबद्दल बोलायचं असेल, आणि ते सगळं कडवटच असेल असं मला वाटत नाही.

फक्त हुशार विद्यार्थ्यांना विचारू नकोस. प्रयोगशाळेतल्या मामांना विचार, आवाजाच्या प्रयोगात उभ्या नळीत पाणी भरायचं काम त्यांचं असे. ५१२ हर्ट्झचा नादकाटा, म्हणजे ठोकला की एकच स्वर देणारा धातूचा काटा, नळीच्या तोंडाशी धरला की पाण्यावरची हवा साधारण सोळा सेंटिमीटर झाल्यावर नळी घुमते, हे मामांना पट्टी न लावता कळायचं, आणि सर ते वर्गासमोर अभिमानानं सांगायचे.

काकूंकडे सरांच्या वह्या आहेत. डाव्या पानावर स्वरलिपी आणि उजव्या पानावर प्रयोग, अशी त्यांची पद्धत. दिवाळीची आवराआवर सुरू होण्याआधी जा आणि पानन् पान मोबाइलवर टिपून घे. काकूंना घाई करू नकोस, चहाला थांब.

आणि तानपुऱ्याचा प्रयोग लिहिण्याआधी स्वतःच्या हातानं पुन्हा कर. तानपुरा माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी घेऊन येतो. शाळेतल्या पेटीची तार गंजलेली असेल तर आधी कळव, मिरजेहून नवी आणतो.

तुझा,
शाळेतला जुना दादा