ती बोलते तसं मला का जमत नाही?

प्रश्न : ताई, मी सांगलीत अकरावीला आहे, विश्रामबागेत राहते. मागच्या आठवड्यात वर्गात वादविवाद झाला, विषय होता पूररेषेतली घरं दुसरीकडं हलवावीत का. मी 'हलवावीत' म्हणणारी, सगळं पाठ करून गेलेले, 'सन्माननीय व्यासपीठ' पासून, कुठं अडकले पण नाही. मग सांगलीवाडीची एक मुलगी उठली, हातात कागद नाही काही नाही, आणि म्हणाली, "ही म्हणती घरं हलवा, बरं हलवू, पण आमची म्हस कुठं बांधायची ते पण सांग की." सगळा वर्ग हसला, मी पण हसले, आणि मग तिनं २०१९ ला घरात पाणी कुठपर्यंत आलेलं ते हात वर करून दाखवलं तर एकदम सगळे गप्प. मला तिचा राग नाही आला, उलट लई भारी वाटलं. हे उपजतच असतं का? कारण मी घरी तसं बोलून बघितलं तर नुसतं नाटकी वाटतंय.

उत्तर : नाटकी वाटणारच, तू तिची म्हस उचललीस गं! तिचा हेल, तिचे शब्द तुझ्या तोंडात नाही बसणार आणि बसवायची गरज पण नाही. तिनं काय केलं ते बघ. तिनं तुझं बोलणं कान देऊन ऐकलं आणि तिथनंच सुरुवात केली, आणि पाठ करून गेलेल्याला नेमकं हेच जमत नाही कारण त्याचा सगळा जीव पुढचं वाक्य निसटू नये यातच अडकलेला असतो. वक्तृत्व स्पर्धेत ते खपतं, वादविवादात नाही.

आणि तिच्याकडं माल होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं, हा आकडा तू पण सांगितला असशील, पण आकड्यानं डोळ्यापुढं काही येत नाही, हात वर केला की येतं. आता तू म्हणशील आमच्या घरात पाणीच आलं नाही तर मी काय दाखवू. अगं पाणी नसेल आलं, माणसं तर आली असतील ना? पुरातले पाहुणे कुणाकुणाच्या घरी होते, रात्री अंथरुणं कशी पडायची, सकाळी बाथरूमला कसे नंबर लागायचे, हे सांग आणि मग विचार की दर पुराला असं निघायचं त्यापेक्षा एकदाच का नको. तुझ्याच बाजूचा मुद्दा आहे हा.

उपजत थोडं असतं, आवाज, धिटाई वगैरे, नाही कशाला म्हणू. पण आपल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील घे, गावरान भाषेत बोलायचे आणि माणसं ऐकत बसायची, १९५७ ला साताऱ्यातनं लोकसभेवर गेले. ते आधी तलाठी होते, त्यामुळं शेतकऱ्याचं दुखणं आतनं ठाऊक, आणि गावोगाव बोलून बोलून जीभ तयार झालेली. ते नुसतं उपजत कसं म्हणायचं?

तू एक कर, भाषण लिहूच नको. तीन मुद्दे चिठ्ठीवर घे आणि घरात भावाला नाहीतर आईला सांगायला बस, त्यांना मध्येच तोडू दे, वाटेल ते विचारू दे. व्यासपीठाला नमस्कार एका वाक्यात उरक.

आणि हो, म्हशीचं उत्तर तू दिलंसच नाही, पत्रात तरी नाही. मधल्या सुट्टीत तिला गाठ, आवडलं म्हणून सांग, आणि विचार, गोठ्याला जागा मिळाली तर तुमच्या वाडीतले जातील का? पुढच्या वेळी तुला तेच लागणार आहे.