आधी लॅपटॉपला स्वतःचंच ऐकू येतंय का ते बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापूरच्या विमानतळावर, होटगी रोडला उभ्या असलेल्या दोन सीटच्या विमानातल्या इंजिन मॉनिटरचा डेटा लॅपटॉपवर घ्यायचाय. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावला की लॅपटॉपवर कॉम पोर्ट (सिरियल जोडणीचं नाव) दिसतो, पण स्क्रीनवर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला आणि आता मॉनिटरच गेला असेल म्हणून पॅनेल उघडायचं चाललंय. पॅनेलला हात लावू नका. निदान एवढ्यात तरी नको.

माझी हयात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मागांच्या कंट्रोल कार्डांवर गेली. विमानाचा नाद नंतरचा, तोही लायसन्सवाल्या इंजिनिअरच्या हाताखाली. पण सिरियल पोर्ट टॉवेलच्या मागावर असो नाहीतर विमानात, रुसतो तसाच. बोलणारे दोघं असतात, तेव्हा आधी एकाला वेगळा काढून तपासायचा. लॅपटॉप घरी नेता येतो, विमान नाही. म्हणून लॅपटॉपपासून सुरुवात.

कन्व्हर्टर विमानापासून सोडवा. त्याच्या डीबी-९, म्हणजे नऊ पिनांच्या कनेक्टरच्या २ नंबरची (ऐकणारी) आणि ३ नंबरची (बोलणारी) पिन तारेच्या तुकड्याने जोडा. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टवर अक्षरं पाठवणारं आणि आलेली दाखवणारं सॉफ्टवेअर) फ्लो कंट्रोल आणि लोकल एको (टाइप केलेलं आपणच स्क्रीनवर दाखवणं) दोन्ही बंद करा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं जसंच्या तसं परत दिसलं, तार काढल्यावर थांबलं, तर ड्रायव्हर आणि चिप ठीक. तीनदा ड्रायव्हर टाकण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम आहे.

एवढ्यावर खूश होऊ नका, कारण मी नेमका इथेच फसलो होतो. नवी पेठेतून सुट्या पिनांचा कन्व्हर्टर आणला, हौसेने त्याला स्वतःच डीबी-९ सोल्डर केला. तारेची टेस्ट झकास पास. विमानात लावला तर तुमच्यासारखेच चौकोन. मे महिना, कॅनोपीखाली भट्टी पेटलेली, मी दोन तास सगळे बॉड रेट, म्हणजे डेटाचे वेग, बदलून पाहतोय. शेवटी मीटर लावला आणि कपाळाला हात लावला. तो कन्व्हर्टर टीटीएलचा होता, म्हणजे सर्किट बोर्डाच्या आतल्या कमी व्होल्टेजचा; विमानातली लाइन होती आरएस-२३२, म्हणजे बाहेरच्या केबलवरच्या सिरियल जोडणीची. आरएस-२३२ ची लाइन गप्प असते तेव्हा तिच्यावर निगेटिव्ह व्होल्टेज असतं, टीटीएलची गप्प लाइन पॉझिटिव्ह ३.३ किंवा ५ व्होल्टवर. म्हणजे सगळं उलटं ऐकू येणार. बॉड रेट कितीही फिरवा, चौकोनच. चिप जळाली नाही हे नशीब.

तेव्हा मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ५ नंबरला (ग्राउंड), लाल ३ नंबरला. कन्व्हर्टर यूएसबीत लावलेला हवा. साधारण उणे ५ ते उणे १० दिसलं तर माल बरोबर. अधिक ३.३ किंवा ५ दिसलं तर तो बाजूला ठेवा आणि चांगल्या चिपचा, खरा आरएस-२३२ वाला घ्या.

मग विमान. ग्राउंड पॉवर, म्हणजे बाहेरून वीज, लावून घ्या, नाहीतर तुम्ही लॅपटॉपशी भांडेपर्यंत बॅटरी बसेल. विमानाकडून येणाऱ्या प्लगवरही ग्राउंड धरून हेच मोजा. ज्या पिनेवर ठळक निगेटिव्ह येतं, ती बोलणारी. शून्याच्या आसपास असलेली बहुधा ऐकणारी. डेटा चालू असेल तर आकडा थरथरतो, ते चांगलं लक्षण. बोलणारी तार तुमच्या कन्व्हर्टरच्या २ नंबरला यायला हवी. दोन्हीकडे ३ नंबरच बोलत असेल तर दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून बसलेत. मध्ये नल मोडेम अडॅप्टर (२-३ उलटवणारा जोड) घाला किंवा तुमच्या केबलमध्ये २-३ ची अदलाबदल करा. तुमच्या केबलमध्ये, विमानाच्या हार्नेसमध्ये (आतल्या वायरिंगच्या जुडग्यात) नाही. पॅनेलमागची एक तार हलवायची तरी ते बी-२ लायसन्सवाल्याचं (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरचं) काम, आणि लॉगबुकात नोंद.

बॉड रेट यानंतर. मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच लावा. जीपीएसची लाइन असेल तर एनएमईए ०१८३ चा (जीपीएसच्या डेटाचा एक ठरलेला फॉरमॅट) मूळ वेग ४८००, आणि बऱ्याच जीपीएसचा एव्हिएशन फॉरमॅट ९६०० वर असतो. चुकीच्या वेगालाही कचराच येतो, फक्त तो वेग बदलला की सुधारतो, टीटीएलचा सुधारत नाही.

प्लगवरच्या तारांना ए आणि बी अशी नावं असतील, आणि मॅन्युअलमध्ये आरिंक ४२९ (विमानातल्या उपकरणांची आपसातली डेटा लाइन) लिहिलं असेल, तर तिथे थांबा. ती जोडी वेगळ्या पद्धतीची आहे, १२.५ किंवा १०० किलोबिटवर चालते, साध्या कन्व्हर्टरला तिचं काहीच कळणार नाही. त्यासाठी वेगळा इंटरफेस लागतो.

रेडिओचं बटण दाबलं की पोर्ट गायब होतो असं तुम्ही खाली लिहिलंय, तो वेगळा आजार. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, शिल्डवाली आखूड यूएसबी केबल लावा, तिच्यावर फेराइट मणी (रेडिओचा त्रास अडवणारं चुंबकीय कडं) चढवा. माझ्याकडे तेवढ्याने थांबलं होतं.

शनिवारी जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत उरका, आणि ३ व ५ मधला व्होल्टेजचा आकडा दोन्ही बाजूंचा लिहून इथे टाका.