सर्व्हिसिंगनंतर सायकलच्या मागच्या चाकाचा टर्र आवाज वाढला असेल, तर हबमध्ये ग्रीस भरावे का?

आपण लिहिले आहे की, निपाणीत गिअरच्या सायकलीचे पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतल्यापासून तवंदी घाट उतरताना पायडल मारणे थांबवले की मागच्या चाकातून मोठा टर्र आवाज येतो आणि पूर्वी तो जवळजवळ ऐकूच येत नसे. दुकानदार म्हणतो की काही बिघडलेले नाही, मित्र म्हणतो की आत भरपूर ग्रीस भरले की आवाज बंद होईल. मी बेळगावात राहतो आणि स्वतःच्या व ओळखीच्या लोकांच्या सायकली अनेक वर्षांपासून घरीच उघडून साफ करतो. माझ्या मते, आवाज फक्त पायडल थांबल्यावर येत असेल, तर दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे आणि मित्राचा सल्ला घाटाच्या रस्त्यावर धोक्याचा आहे.

मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या भागात, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जागा असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. एक जागा एक्सलभोवतीच्या छर्‍यांची, ज्यांवर चाक फिरते. दुसरी जागा ज्यांवर चेन बसते त्या दातेरी चकत्यांच्या पोटातली, जिथे स्प्रिंगने वर उचललेले छोटे खटके आतून दाते असलेल्या कड्यात अडकतात. आपण पायडल मारतो तेव्हा हे खटके दात्यांना धरून चाक पुढे ढकलतात, आणि थांबतो तेव्हा दात्यांवरून घसरत जातात. प्रत्येक दात्यावरून खाली पडताना होणारी टकटक म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा आवाज. चाकाचा घेर सुमारे 2.1 मीटर असतो, म्हणजे ताशी 30 किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला जवळजवळ 4 फेरे घेते. कड्याला 24 दाते असतील आणि सगळे खटके एकाच वेळी पडत असतील, तर सेकंदाला शंभराच्या आसपास टकटक होते, आणि म्हणून उतारावर ती वेगवेगळी न ऐकू येता सलग टर्र अशी ऐकू येते.

पूर्वी हा आवाज दबलेला होता, कारण खटक्यांभोवती कारखान्यातले ग्रीस आणि कालांतराने त्यात मिसळलेली धूळ यांचा जाड थर होता. सर्व्हिसिंगमध्ये तो थर रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन निघाला आणि त्याजागी पातळ तेल आले. आता खटके मोकळेपणाने आणि पूर्ण जोराने दात्यांवर पडत आहेत. पायडल मारताना ते एकदाही निसटत नसतील, तर हे चांगल्या कामाचे लक्षण मानावे.

आता ग्रीसविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माणसे पडतात ती या ठिकाणी. खटक्यामागची स्प्रिंग अतिशय नाजूक असते. जाड ग्रीसमध्ये खटका चिकटला, तर ती स्प्रिंग त्याला वेळेवर वर उचलू शकत नाही. सपाट रस्त्यावर हे चटकन जाणवतही नाही. परंतु उतार संपून चढ लागतो, आपण सीटवरून उठून सगळे वजन एका पायडलवर टाकतो आणि त्याच क्षणी खटके निसटतात, तेव्हा पाय मोकळा खाली जातो आणि छाती हँडलवर आदळते. चोर्ल्याच्या रस्त्यावर जांबोटीच्या पुढे हिवाळ्यातल्या पहाटे असे घडण्याची शक्यता अधिक असते, कारण थंडीत ग्रीस आणखी घट्ट होते. काही हबमध्ये खटक्यांऐवजी दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसवलेल्या असतात. त्यांच्यासाठी कंपन्या खास पातळ ग्रीस देतात आणि तेही अगदी थोडे लावायचे असते.

छर्‍यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे ग्रीस सढळ हाताने भरावे, पातळ तेल मुळीच पुरत नाही. म्हणून आपला आवाज कोणत्या जागेतून येतो, याची खात्री करणे आवश्यक आहे. पायडल मारतानाही आणि थांबल्यावरही खरखर येत असेल, तर संशय छर्‍यांवर घ्यावा. चाक काढून एक्सलची दोन टोके बोटांत धरून सावकाश फिरवावीत. वाळू भरडल्यासारखे हाताला लागले, तर कोन (छर्‍यांना दाबून धरणारा, एक्सलवरचा शंकूसारखा नट) जास्त आवळलेला आहे, ग्रीस कमी आहे किंवा छर्‍यांवर खड्डे पडले आहेत. सुट्या छर्‍यांच्या मागच्या हबमध्ये साधारणपणे प्रत्येक बाजूला पाव इंचाचे 9 छर्रे असतात, आणि घाईच्या कामात एखादा कमी बसणे किंवा जाळीतले छर्रे असतील तर जाळीच उलटी बसणे, हे दोन्ही दोष सर्व्हिसिंगनंतर लगेच आवाजाने कळतात. चाक सायकलला लावून रिम आडवी हलवली असता लटपटत असेल, तर कोन सैल राहिला आहे. खटकादांडीने (क्विक रिलीजने) आवळायच्या चाकात मात्र कोन किंचित सैलच ठेवावा लागतो, कारण दांडी दाबल्यावर एक्सल थोडा दबतो आणि ती लटपट नाहीशी होते. चाकाच्या प्रत्येक फेर्‍याला एकदाच घस्स असा आवाज येत असेल, तर हबकडे जाण्यापूर्वी ब्रेकचे रबर पाहावे.

आवाज आपल्याला अगदीच खटकत असेल, तर चाक आडवे ठेवून, चकत्यांचा फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांमधल्या फटीत शिवणयंत्राच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडावेत, चकत्या उलट्या फिरवून ते आत जाऊ द्यावे आणि बाहेर आलेले पुसून काढावे. आवाज थोडा मऊ होईल आणि खटके मोकळे राहतील. डब्ल्यूडी-40 या कामासाठी वापरू नये. ते उरलेले वंगणही धुऊन काढते आणि स्वतः फार टिकत नाही. घरातले खोबरेल तेलही टाळावे, कारण ते 24 अंशांच्या आसपास गोठू लागते आणि आपल्या भागात डिसेंबरच्या सकाळी तापमान त्याच्या बरेच खाली असते.

तेल सोडल्यावर मागचे चाक उचलून जोरात फिरवून पाहावे. पायडल चाकाबरोबर ओढले जाऊन भरभर फिरू लागले किंवा वरची चेन सैल होऊन लोंबू लागली, तर आत काहीतरी जड किंवा चिकट राहिले आहे, आणि अशी सायकल घाटात नेण्यापूर्वी पुन्हा दुकानात दाखवावी. दाखवताना "आवाज बंद करा" असे न सांगता "खटके धुऊन पातळ तेल सोडा आणि छर्‍यांना ग्रीस भरा" असे दोन्ही वेगवेगळे सांगावे. पावसाळ्यात खानापूरकडचा तांबडा चिखल हबवर बसला, तर तो ओल्या फडक्याने पुसावा. मोटारसायकली धुण्याच्या जोरदार फवार्‍याने मात्र पाणी थेट छर्‍यांपर्यंत जाते आणि महिन्याभरात खरखर सुरू होऊ शकते.