घरातले फोटो हलतात म्हणून कॅमेरा दुरुस्तीला देण्याआधी

छायाचित्रणाच्या वर्गाचे दोन रविवार झाले, टेकडीवर सकाळी काढलेले फोटो स्वच्छ आले, पण घरी मुलीच्या वाढदिवसाचे जवळजवळ सगळे फोटो अस्पष्ट निघाले. कॅमेऱ्यात दोष असेल का, तो सेवा केंद्रात द्यावा, की सर म्हणतात तशी, जास्त प्रकाश आत घेणारी ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्यावी, असे आपण विचारले आहे. सहा वर्षांपूर्वी मी नेमका याच जागी उभा होतो आणि दोन्ही वेळा चुकीचा निर्णय घेतला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही आणि आपला कॅमेरा मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते की खरे शिकायचे असेल तर डायल 'एम'वरून (मॅन्युअल, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे) हलवायची नाही आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, १०० च्या वर न्यायचा नाही, कारण फोटोत दाणे येतात. सकाळच्या उन्हात आयएसओ १००, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तेवढे ते मोठे) एफ/८ आणि शटर १/४०० सेकंद या आकड्यांवर उत्तम फोटो येत होते, आणि मी ते वहीत लाल शाईने लिहून ठेवले होते. पुढच्याच महिन्यात वडिलांची पंच्याहत्तरी होती. कार्यालयाच्या सभागृहात आयएसओ १०० तसाच ठेवून, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ५५ मिमीपर्यंत झूम करून, प्रकाश पुरेसा आहे का ते दाखवणाऱ्या मीटरची खूण शून्यावर येईपर्यंत मी शटर स्पीड कमी करत गेलो. तो १/८ सेकंदावर थांबला, म्हणजे हातातला कॅमेरा हलण्याइतका लांब. मागच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक फोटो पाहत होतो आणि प्रत्येक फोटो मला सुरेख दिसत होता. तीन इंची पडद्यावर हललेला फोटोही बराचसा ठीक वाटतो, हे मला तेव्हा कोणीही सांगितले नव्हते. रात्री संगणकावर उघडले तेव्हा पंच्याहत्तर दिव्यांच्या औक्षणाचा एकही फोटो धड नव्हता.

खरी चूक त्यानंतरची. मी तो कॅमेरा सेवा केंद्रात दिला. कोणते केंद्र ते लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसाने एकही फोटो उघडून पाहिला नाही, शटर स्पीड किती होता हे विचारले नाही. पावती फाडली आणि 'तपासून कळवू' म्हणाला. साडेतीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी फोन करत राहिलो. शेवटी 'सेन्सर साफ केला, फोकस तपासला' एवढ्या दोन ओळींचे बिल हातात पडले, आणि घरी आल्यावर दिवाणखान्यात फोटो पुन्हा तसेच हलले. सेन्सरवरच्या धुळीने आकाशात काळपट ठिपके दिसतात, सगळा फोटो अस्पष्ट होत नाही, एवढे तरी त्या माणसाला ठाऊक असायला हवे होते. त्या दिरंगाईत वर्गाचे तीन रविवार बुडाले, त्याचे पैसेही परत मिळाले नाहीत.

निदान झाले ते त्याच औक्षणाच्या फोटोतून. तो संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहिला, तर तबकातल्या प्रत्येक ज्योतीला उजवीकडे वळलेली, स्वल्पविरामासारखी एक छोटी शेपटी होती, आणि सगळ्या शेपट्या एकाच आकाराच्या होत्या. म्हणजे माझा हात हलला होता. मागची खुर्ची स्वच्छ आणि ओवाळणाऱ्या आत्याचा हात तेवढा पुसट असता, तर हलली ती व्यक्ती. आणि चेहरा मऊ, पण त्याच्या मागचे तोरण धारदार असते, तर फोकस चुकला. आपल्या वाढदिवसाच्या फोटोत मेणबत्त्या असतीलच. त्यांच्याकडे याच नजरेने पाहा. व्ह्यूफाइंडरमधूनच सगळे अस्पष्ट दिसत असेल तर मात्र त्याच्या शेजारचे डायोप्टरचे, म्हणजे आपल्या नजरेच्या नंबराप्रमाणे जुळवायचे, छोटे चाक फिरवून पाहा. त्याचा फोटोशी काहीही संबंध नसतो.

आता माझे मत, आणि ते आपल्या सरांना आवडणार नाही. नवशिक्याने घरात मॅन्युअलचा हट्ट धरू नये. शटरला प्राधान्य देणारा मोड निवडा, काही कॅमेऱ्यांत तो 'एस' तर काहींत 'टीव्ही' (Tv) असतो. शटर १/१२५ वर ठेवा, आयएसओ ऑटो करा आणि त्याची कमाल मर्यादा ३२०० द्या. माझ्या १/८ पासून १/१२५ पर्यंत चार पायऱ्या होतात (दर पायरीला प्रकाश निम्मा होतो, तेवढा आयएसओ दुप्पट करावा लागतो), म्हणजे आयएसओ १०० ऐवजी १६०० पुरला असता. त्याने दाणे आले असते, हे खरे. पण दाणेदार फोटोत वडील ओळखू तरी आले असते. लेन्समधले स्थिरीकरण आपला हात सावरते, केकवर फुंकर मारणारी मुलगी ते थांबवू शकत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर शटर कमी करू नका. मूल धावत असेल तर १/२५० ठेवा.

लेन्सबद्दल एवढेच, की एफ/१.८ मुळे किट लेन्सच्या एफ/५.६ च्या तुलनेत तीन पायऱ्यांहून थोडा अधिक प्रकाश मिळतो, हे सरांचे म्हणणे चुकीचे नाही. पण आपला कॅमेरा लहान सेन्सरचा असेल तर ५० मिमीची चौकट ७५ ते ८० मिमीसारखी आवळते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते तरी चार माणसे मावत नाहीत. शिवाय जवळून पूर्ण उघड्या अॅपर्चरवर एक डोळा स्वच्छ आणि दुसरा मऊ येतो, तेव्हा नवशिक्याला पुन्हा वाटते की कॅमेरा बिघडला. मी ती घाईने घेतली आणि वर्षभर कपाटात ठेवली. पावसाळ्यानंतर काढली तेव्हा आत बुरशीचे जाळे दिसले. घेतलीत तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या तेवढ्या ठेवा. खोल्यांसाठी मला ३५ मिमी अधिक सोयीची वाटते, पण ती आत्ता नको.

आधी वाढदिवसाच्या एखाद्या बिघडलेल्या फोटोची माहिती उघडून शटर स्पीड, आयएसओ आणि लेन्स किती मिमीवर होती, हे तीन आकडे इथे लिहा. शटर १/६० च्या खाली निघाला, तर सेवा केंद्राच्या पायऱ्या चढू नका.