शनिवारच्या भेटीला मुलाला पाठवू की नको?

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र दोनदा वाचले. पतीच्या मारहाणीला कंटाळून दीड वर्षापूर्वी तुम्ही माहेरी आलात आणि सात वर्षांच्या मुलाने ती मारहाण अनेकदा डोळ्यांनी पाहिली आहे. सध्या अंतरिम आदेशाने दर शनिवारी न्यायालयाच्या बालकक्षात दोन तास बापलेकांची भेट होते. आता पतीने मुलाला दोन दिवस मुक्कामी नेण्यासाठी अर्ज केला आहे. "मुलाला तर त्यांनी कधी हात लावला नाही ना?" असे समुपदेशनात तुम्हाला विचारले गेले. नातेवाईकही बापापासून पोर तोडू नकोस, असे बजावतात. त्याला पाठवणे बंदच करावे का, असा तुमचा प्रश्न आहे.

स्वतःहून बंद करू नका. आदेश मोडला, तर पुढच्या तारखेला पतीच्या वागण्याऐवजी तुमच्याच वागण्याची झडती होईल. भेटीचे आदेश परिस्थिती पाहून बदलता येतात, म्हणून ते रीतसर अर्ज करून बदलून घ्या. मात्र भेटीत मुलाला धोका दिसला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी वकिलांमार्फत न्यायालयाला कळवा.

माहेरच्या जिन्यात कुणाच्याही किल्ल्या वाजल्या तरी मुलगा स्वयंपाकघरातला दिवा मालवून ओट्याखाली जाऊन बसतो, असे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते अर्जाची सुरुवातच तिथून व्हायला हवी. ज्याच्यासमोर आई मार खाते, त्या मुलाला हात लागला नसला तरी इजा झालेलीच असते, आणि समुपदेशनातल्या त्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

कायदाही याबाबत मुका नाही. महिलांना कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या अधिनियमातील कलम २१ नुसार मुलाचा तात्पुरता ताबा आईला देता येतो आणि वडिलांच्या भेटीची व्यवस्था ठरवता येते. पण भेट मुलाच्या हिताला बाधक ठरू शकते असे न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत झाले, तर त्यांनी ती नाकारलीच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. कलम २६ मुळे हीच दाद कौटुंबिक न्यायालयातही मागता येते.

अडचण वेगळीच आहे. तुमचे हिंसाचाराचे प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आणि घटस्फोटाचे कौटुंबिक न्यायालयात चालू आहे, आणि एकीकडचे कागद आपोआप दुसरीकडे जात नाहीत. संरक्षण अधिकाऱ्यांचा, म्हणजे हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांचा, अहवाल, दवाखान्याचे कागद आणि शाळेतील बाईंनी वहीत लिहिलेला शेरा यांच्या प्रती भेटीच्या अर्जाला जोडा. वकिलांची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

काय मागायचे, तेही नेमके ठरवा. मुक्कामाला विरोध करा. भेट बालकक्षातच आणि देखरेखीखाली व्हावी, मुलाला सोडण्या-आणण्याचे काम तुमच्या भावाने करावे, म्हणजे पतीशी तुमची गाठच पडणार नाही, आणि मुलाची बालमानसतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, असे मागा. आपल्या न्यायालयांचा कल सहसा मुलाला दोन्ही पालक मिळावेत याकडे असतो, त्यामुळे भेट पूर्ण थांबेलच असे मी सांगू शकत नाही. तुमच्या मुलाला बाबांची आठवणही येते, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. ते न्यायालयापासूनही लपवू नका.

न्यायाधीश मुलाशी दालनात एकट्याने बोलू शकतात. त्यासाठी त्याला काहीही पढवू नका. शनिवारी परत आल्यावर "बाबा काय म्हणाले?" असे न विचारता आधी त्याला जेवू घाला, मग तो आपणहून जे बोलेल, ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, एका वहीत लिहून ठेवा.